डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट एका टेबलावर: परळच्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग कारणं. मुलांच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, डाएटिशियन, फिजिओ, सोशल वर्कर अशा सगळ्यांना एकत्र बसवून शिकवणारं परळचं हे दोन दिवसांचं वर्कशॉप. पाचपैकी साडेतीन स्टार. एकाच हॉस्पिटलातून वेगवेगळ्या खात्यांची तीन-चार माणसं मिळून जाणार असाल तर साडेचार. एकटेच जाणार असाल तर अडीच, आणि त्यातला अर्धा जेवणाचा.

मी एका धर्मादाय हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे. मुलांचा कॅन्सर वॉर्ड आणि डे केअर, दोन्हीकडची औषधं आमच्याच खिडकीतून जातात. डॉक्टरांचं अक्षर, सिस्टरचा फोन आणि जाळीपलीकडचा आईचा चेहरा, एवढीच आमची 'टीम'शी ओळख. म्हणून ब्रोशरवर 'इंटरप्रोफेशनल एज्युकेशन' असं भारदस्त काहीतरी छापलेलं असूनही मी नाव दिलं. 'फार्मसीतून कोणी कशाला जायला पाहिजे?' असं आमच्या ऑफिसातून विचारलं गेलं. त्यावर वेगळा लेख होईल. आयोजकांचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत, आणि परळ ते शिवडी या पट्ट्यात सगळे सगळ्यांना ओळखतात.

पहिला दीड तास व्याख्यान. ते झटपट उरकते, त्यांनी उरकलं नाही तरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली या विषयावर एक आराखडा काढला. दोन किंवा अधिक व्यवसायांची माणसं एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात, तेव्हा त्याला असं शिक्षण म्हणायचं, हा त्याचा गाभा. हे एका वाक्यात सांगून झालं असतं, पण पुढे बाणांच्या, वर्तुळांच्या, एकमेकांत गुंतलेल्या हातांच्या स्लाइड आल्या. सगळ्या इंग्रजीत. माझ्या शेजारी नाशिककडच्या एक सिस्टर बसल्या होत्या. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर पुढच्या आठवड्याची ड्युटी लावून घेतली.

त्यातली एकच स्लाइड कामाची होती. जगात दरवर्षी साधारण ४ लाख मुलं आणि किशोरवयीन, म्हणजे १९ वर्षांपर्यंतचे, कॅन्सरने आजारी पडतात. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, आणि बऱ्याच गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बालकॅन्सरसाठी खास मोहीम सुरू केली. २०३० पर्यंत जगभरात किमान ६० टक्के मुलं वाचावीत, असं तिचं उद्दिष्ट.

फार्मासिस्ट म्हणून मला या आकड्यांचा राग येतो. कारण मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसणाऱ्या एएलएल या रक्ताच्या कॅन्सरची मुख्य औषधं काही परवा निघालेली नाहीत. व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीपासून मिळालं, तेही साठच्या दशकात. मर्कॅप्टोप्युरिन, ज्याला आम्ही सगळे सिक्स एमपी म्हणतो, ते १९५३ पासून वापरात आहे. मेथोट्रेक्झेट जुनं, स्टिरॉइड जुनी. सगळी आमच्या कपाटात असतात. तरी मुलं हातची जातात. निदान उशिरा होतं, उपचार अर्ध्यात सुटतात, ताप आल्यावर अँटिबायोटिक वेळेवर पडत नाही, गोळी चुकते. यातलं एकही काम एका खात्याचं नाही. वक्त्यांनी हे म्हटलं, पण ओझरतं. खरं वर्कशॉप इथून सुरू व्हायला हवं होतं.

चहानंतर मात्र गाडी रुळावर आली.

टेबलं लावलेली होती आणि प्रत्येक टेबलावर मुद्दाम वेगवेगळ्या खात्यांची माणसं. गळ्यातल्या कार्डावर फक्त नाव. डॉक्टर नाही, सिस्टर नाही, हुद्दा नाही. कल्पना छान होती, पण ती टिकली फार तर पाच मिनिटं. रिकामी खुर्ची दिसताच जे बसले ते डॉक्टर, आणि बाकीचे बसताहेत का हे बघत ज्या उभ्या राहिल्या त्या नर्सेस. हे मी कुत्सितपणे लिहीत नाही. मीही उभीच होते.

पहिली केस तापाची. पाच वर्षांचा मुलगा, मूळ जालना जिल्ह्यातला, एएलएलची केमो चालू, उपचारांपुरतं नालासोपाऱ्यात भाड्याच्या खोलीत राहणारं कुटुंब. रात्री साडेअकराला अंग तापतं. थर्मामीटरमध्ये १०१. नियम आम्हा सगळ्यांना पाठ: केमोवरच्या मुलाला एकदा जरी १०१ फॅरनहाइट ताप भरला, किंवा १००.४ तासभर टिकला, तर ती इमर्जन्सी. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असतील तर जंतुसंसर्ग काही तासांत मुलाला घेऊन जातो. म्हणून हॉस्पिटलच्या दारात पाय ठेवल्यापासून ६० मिनिटांत अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून गेला पाहिजे.

पाठ आहे ना? मग करून दाखवा, म्हणाले. आणि भूमिका अदलाबदल केल्या. रेसिडेंट डॉक्टरला फार्मसीच्या खिडकीत बसवलं, नाशिकच्या सिस्टरना रेसिडेंट केलं, डाएटिशियनला कॅज्युअल्टीतली नर्स. मी झाले आई. टेबलावर एक मोठं घड्याळ, आणि प्रत्येक पायरीला एक चिठ्ठी. आपापल्या हॉस्पिटलात प्रत्यक्षात जितका वेळ जातो तितकाच लिहायचा, शोभेसाठी कमी करायचा नाही.

केसपेपर काढणं. आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरला, कॉल. आरएमओ दुसऱ्या मजल्यावर. रक्तपेशी मोजायच्या सीबीसी तपासणीसाठी रक्त घेणं. 'सीबीसीचा रिपोर्ट येऊ दे, मग बघू.' बेड आहे का? डिपॉझिट. मग प्रिस्क्रिप्शन, आणि ते घेऊन मी, म्हणजे आई, खिडकीपाशी. खिडकीतल्या रेसिडेंटने चिठ्ठी उलटसुलट केली. सिस्टरनी अगदी हुबेहूब लिहिलं होतं: 'पिपटॅझ स्टॅट', म्हणजे हे अँटिबायोटिक ताबडतोब. वजन नाही, मिलिग्रॅम नाही, किती तासांनी तेही नाही.

"अहो, पण डोस किती देऊ? वजन किती आहे याचं?" तो विचारता झाला.

"तुमच्या वॉर्डातून रोज असंच येतं डॉक्टर," माझ्या तोंडून निघून गेलं. आई असं बोलत नाही, पण टेबल हसलं आणि तोही हसला. कान मात्र लाल झाले होते.

आमचं घड्याळ थांबलं तेव्हा १ तास ५० मिनिटं झाली होती. त्यात औषध कालवून सलाइन लावायला दहा मिनिटं. बाकीचे शंभर मिनिटं कागद फिरत होता. आणि हे दारातून आत आल्यानंतरचं. नालासोपाऱ्याहून परळला कसं यायचं, हा प्रश्न सोशल वर्कर मॅडमनी काढला तेव्हा आम्ही सगळे गप्प. रात्री साधारण एकनंतर पहाटे चारपर्यंत लोकल नाही. टॅक्सीचे पैसे नसले तर बाप काय करतो? क्रोसिन देऊन पहिल्या गाडीची वाट बघतो. क्रोसिनने ताप उतरतो, आपल्याला वाटतं बरं झालं, आत जंतू वाढतच असतात. हॉस्पिटलाजवळच, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा कॉटन ग्रीनच्या सेंट ज्यूड केंद्रात जागा मिळालेलं मूल आणि नालासोपाऱ्यातलं मूल यांचा प्रोटोकॉल कागदावर एकच असतो. 'आज मूल कुठे झोपणार आहे?' हे मॅडम प्रत्येक फाइलवर लिहितात. डॉक्टरांनी ते कधी वाचलंय का, असं त्यांनी विचारलं नाही. गरज नव्हती.

मग दुरुस्त्या. पहिला डोस सीबीसीची वाट न बघता द्यायचा. मुलाच्या फाइलला ताप-कार्ड लावायचं, त्यावर ताजं वजन, निदान, कुठलं औषध चालत नाही आणि 'मला थांबवू नका' असं मराठी-हिंदीत ठळक. डिपॉझिट नंतर. आणि कॅज्युअल्टीत पहिल्या डोसची सीलबंद पेटी ठेवायची.

पेटीवरून जुंपली. पेटी कोणाची? मी म्हटलं, औषधं फार्मसीची, एक्स्पायरीचा जबाब आम्हाला द्यावा लागतो, ऑडिटला आम्ही उभे राहतो. सिस्टर म्हणाल्या, रात्री दोनला तुमच्या किल्लीची वाट कोण बघणार? पेटीतलं वापरलं की भरायचं कोणी? भरली नाही तर पुढच्या रात्री दोष कोणावर? आवाज चढले. आमच्या टेबलाच्या फॅसिलिटेटर बाई मध्ये पडल्या नाहीत, फक्त खुर्ची ओढून जवळ बसल्या. सगळ्या वर्कशॉपात मला आवडलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही. शेवटी ठरलं ते असं: पेटी नर्स उघडणार, सीलचा नंबर रजिस्टरमध्ये लिहिणार, सकाळी आठच्या आत फार्मसी भरून नवं सील लावणार. साधं आहे. पण ते नर्स आणि फार्मासिस्ट समोरासमोर बसून, थोडं भांडूनच ठरतं. दोघींना वेगवेगळ्या हॉलमध्ये उत्तम व्याख्यान दिलं असतं तर दोघी आपापल्या परीने बरोबर राहिल्या असत्या आणि पेटी रिकामी राहिली असती.

दुपारची केस सिक्स एमपीची, आणि ती ऐकताना मला अक्षरशः घाम फुटला.

मेंटेनन्सला, म्हणजे घरी गोळ्या घ्यायच्या शेवटच्या लांब टप्प्याला, आलेली मुलगी, सात वर्षांची. डोस बसतो रोज साडेसदतीस मिलिग्रॅम. बाजारात गोळी ५० ची. आता टेबलावरच्या प्रत्येकाने, बाकीच्यांनी काय लिहिलं ते न बघता, या मुलीच्या आईला आपण काय सांगू ते कागदावर लिहायचं. मग सगळे कागद एका रांगेत मांडले.

रेसिडेंट: रोज रात्री पाऊण गोळी. मी: पाऊण गोळी मोडता येत नाही, एक दिवस एक, एक दिवस अर्धी, सरासरी तीच, उपाशीपोटी, दुधासोबत नको. सिस्टर: गोळी चुरून गुळात किंवा मधात द्या, पोर थुंकते. डाएटिशियन: वजन कमी आहे, झोपताना दूध-केळं नक्की. सोशल वर्कर: औषध संपायच्या आठ दिवस आधी या, उगाच खंड पडू देऊ नका.

पाच माणसं, पाचही आपापल्या जागी शहाणी, आणि आई एकच. तिला रात्री नऊ वाजता ठरवायचंय की दूध आधी की गोळी, पाऊण की अर्धी, आज एकवाली रात्र की अर्धीवाली. ती बिचारी आम्हाला विचारायला फोन कुठे करणार? खिडकी पाचला बंद होते.

इथे फॅसिलिटेटरनी दोन गोष्टी नीट सांगितल्या. 'रात्री, उपाशीपोटी, दुधाशिवाय' हा आम्हा सगळ्यांचा जुना आग्रह. पुढच्या अभ्यासांत त्या सवयींमुळे आजार उलटण्यात फरक पडलेला दिसला नाही. फरक पडतो तो गोळी चुकण्याने. शंभरातले पाचाहून जास्त डोस चुकले, तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, असं अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं होतं. म्हणजे दूध-केळ्यावरून आईला धाक घालण्यापेक्षा घरातल्या रोजच्या एका ठरलेल्या वेळेला गोळी जोडून देणं महत्त्वाचं. दुसरी गोष्ट सिस्टरच्या गुळाबद्दल. गोळी उघड्यावर चुरायची नाही, तो चुरा घरातल्या इतरांच्या श्वासात जायला नको, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने हात लावायचा नाही. हे सिस्टरना कोणी आजवर सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम कोणाचं होतं? माझं. खिडकीतून सांगितलं असतं तरी ऐकू गेलं नसतं म्हणा, पण काम माझं.

शेवटी आमच्या टेबलाने एकच चिठ्ठी बनवली. सात वारांची पट्टी, प्रत्येक वाराखाली पूर्ण किंवा अर्ध्या गोळीचं चित्र, आणि वेगळ्या रंगात आठवड्यातून एकदाच घ्यायच्या मेथोट्रेक्झेटचा वार. तो वार गोल करून ठळक, कारण ती गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर कसं बेततं ते या क्षेत्रातल्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेलं किंवा ऐकलेलं असतं. खाली एकच फोन नंबर. पाच सह्या नाहीत, पाच शिक्के नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर फक्त दोन वस्तू ठेवल्या: एक सिरिंज आणि ५० मिलिलिटरची सलाइनची छोटी पिशवी. प्रश्न एकच. यातली कुठली वस्तू पाठीच्या सुईला जोडता येईल?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एएलएलमध्ये मेथोट्रेक्झेट पाठीच्या मणक्यातूनही दिलं जातं आणि व्हिन्क्रिस्टिन फक्त शिरेतून. व्हिन्क्रिस्टिन चुकून पाठीत गेलं तर मूल जवळजवळ कधीच वाचत नाही. जगात अशा चुका पुन्हा पुन्हा घडल्या आहेत, चांगल्या हॉस्पिटलांत, चांगल्या डॉक्टरांच्या हातून. दोन सिरिंजा एकाच ट्रेवर होत्या, एवढाच गुन्हा. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये इशारा दिला की व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या पिशवीत द्या. पिशवी पाठीच्या सुईला जोडायची कोणाला सुचणारच नाही. माणसाने जास्त सावध राहावं अशी अपेक्षा न ठेवता वस्तूच अशी द्यायची की चूक करता येऊ नये. मला हे फार पटतं.

हे फार्मसीचं काम, दोन वाक्यांत संपलं असं मला वाटत होतं. सिस्टर म्हणाल्या, थांबा. सिरिंजने मी दोन मिनिटांत देते आणि डोळा सुईवरच असतो. पिशवी लावली की पाच-दहा मिनिटं. औषध शिरेबाहेर गेलं तर चामडी जळते. त्या दहा मिनिटांत शेजारच्या बेडचं पोर ओकलं तर मी कुठे बघू? रेसिडेंट म्हणाला, धोका फार कमी आहे, कागदावर सिद्ध झालंय. सिस्टर म्हणाल्या, कागदावर मी एकटी तेवीस मुलांना बघत नाही.

मग चर्चा गेली ती नर्सेसच्या संख्येवर. मुलांच्या कॅन्सरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, सिऑपचे, मर्यादित साधनं असलेल्या देशांसाठी नर्सिंगचे किमान निकष आहेत. वॉर्डात पाच मुलांमागे एक नर्स, आणि या कामात तयार झालेली नर्स दुसऱ्या वॉर्डात फिरवायची नाही. हे वाचून दाखवलं तेव्हा हॉलच्या मागच्या भागातून हसू आलं. तयार केलेली सिस्टर वर्षभरात ऑर्थोला, म्हणजे हाडांच्या वॉर्डात, जाते, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. टीमचं शिक्षण घ्यायचं आणि टीमच दर सहा महिन्यांनी मोडायची, म्हणजे रांजणाला बूड नसताना पाणी भरत बसायचं. वर्कशॉपकडे यावर उत्तर नव्हतं. विषय बदलला गेला, आणि तो ज्या सफाईने बदलला गेला ते मला खटकलं.

शेवटचं चांगलं सत्र एका वडिलांचं. सोलापूरकडचे, मुलीचे उपचार पूर्ण झालेले, ती आता शाळेत जाते. त्यांना व्यासपीठावर न बसवता आमच्यासारखंच टेबलावर बसवलं होतं, हे उत्तम. ते म्हणाले, "तुम्ही सगळे बरोबरच सांगता हो, पण एकाच दिवशी सांगता. पहिल्या दिवशी मला दोनच गोष्टी ऐकू आल्या. कॅन्सर, आणि पैसे किती." मग त्यांनी कागदांची गोष्ट सांगितली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आधार, एका नावातली वेलांटी चुकलेली म्हणून परत तालुक्याला. रेल्वेच्या सवलतीच्या फॉर्मवर हॉस्पिटलची सही लागते, ती मिळेपर्यंत सिद्धेश्वर एक्सप्रेस निघून गेलेली. रेसिडेंटला ठाऊकच नव्हतं की त्या फॉर्मला गाडीची वेळ असते. त्याच्या लेखी तो ढिगातला एक कागद. तो दिवसभरात पहिल्यांदाच मोबाइल खाली ठेवून ऐकत होता.

आता तक्रारी.

'वाईट बातमी कशी सांगावी' हे सत्र वाया गेलं. दोन स्वयंसेवक आई-बाप बनून रडले, एक डॉक्टर 'आय ॲम सॉरी' म्हणाले, टाळ्या. वाईट बातमी डॉक्टर दहा मिनिटांत सांगून जातात. त्यानंतर आई सिस्टरना विचारते, 'डॉक्टर काय म्हणाले हो?' मग वॉर्डातल्या मावशींना विचारते, मग खिडकीत येऊन मला विचारते, 'हे औषध शेवटचं असतं का?' त्या पुढच्या प्रश्नांची तयारी हवी होती. एका टेबलावर सगळे बसलेले असताना ही संधी घालवली.

वॉर्डातल्या मदतनीस मावशी आणि मामा कुठे होते? अख्ख्या हॉलमध्ये एकही नाही. वॉर्डात हात धुतले जाताहेत का, मूल पाठीच्या सुईआधी खरंच उपाशी आहे की आजीने हळूच बिस्किट दिलं, हे सगळ्यात आधी मावशींना कळतं. डिपॉझिट खिडकीवरचा क्लार्कही नव्हता, आणि आमच्या घड्याळातली सगळ्यात लठ्ठ चिठ्ठी त्याच्याच नावाची होती. चहाच्या वेळी मी हे आयोजकांना विचारलं. "स्लाइड इंग्रजीत आहेत ना," असं उत्तर मिळालं. मग स्लाइड बदला.

फी डॉक्टरांना जास्त, बाकीच्यांना कमी, हे योग्य. क्रेडिट पॉइंट डॉक्टर आणि नर्सेसना आहेत, फार्मासिस्टला नुसतं सर्टिफिकेट, आणि तेही मेलवर मेल टाकल्यावर आलं. आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं. एसी इतका गार की दुपारी अर्धा हॉल ओढण्या गुंडाळून. जेवण मात्र खरंच चांगलं: गरम पोळ्या, मटकीची उसळ, ताक, आणि पनीरचा सक्तीचा डबा नाही. जेवताना पुन्हा डॉक्टर डॉक्टरांत, नर्सेस नर्सेसमध्ये. जेवणाच्या टेबलांवरही नावं लावली असती तर चाललं असतं.

नंतरचा पाठपुरावा हा सगळ्यात मोठा खड्डा. 'तीन महिन्यांनी आम्ही तुमच्या वॉर्डात येऊन बघू' असं सांगितलं होतं. कोणी आलं नाही. व्हॉट्सॲप ग्रुप केला, त्यावर पहिल्या आठवड्यात दोन चांगल्या केसेस, मग गुड मॉर्निंग, मग दिवाळीचे आकाशकंदील. मी म्यूट केलाय.

आमच्याकडे काय बदललं? सात वारांची चिठ्ठी चालू झाली. मी एकटीच गेले होते, त्यामुळे ती वॉर्डाच्या गळी उतरवायला फार पायपीट पडली. आमच्या रेसिडेंटला ती 'फार्मसीची चिठ्ठी' वाटत होती. नाशिकच्या सिस्टरच्या हॉस्पिटलातून मात्र त्या, एक रेसिडेंट आणि त्यांच्या फार्मसीतले एकजण असे तिघं आले होते. त्यांची पेटी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात लागली, फोटो आलाय मला, सीलचा नंबर दिसेल असा. आमची पेटी अजून मिटिंगमध्ये आहे. व्हिन्क्रिस्टिन पिशवीतूनच जातं, ते आधीपासून. डिपॉझिटची खिडकी जिथल्या तिथे.

तर जा, पण कोणाला तरी घेऊन जा. डॉक्टर येत नसतील तर सिस्टरना घ्या, सिस्टरना सुट्टी मिळत नसेल तर सोशल वर्करला. फॉर्म भरताना 'ग्रुप नोंदणी' असा रकाना आहे, तो भरला तर एकाच टेबलावर बसवतात की वेगळं करतात ते विचारून घ्या. एका केसला एकत्र, बाकीच्यांना वेगळे, असं मागा, देतात. व्याख्यान साडेनवाला आहे, अकरापर्यंत पोचलात तरी काही बुडत नाही. आणि पुढची बॅच शनिवार-रविवारची आहे, तेव्हा सेंट्रलवाल्यांनी मेगाब्लॉक बघून निघा.